गोगलगायींचं डिझेल

१९ जुलै २०२४, शुक्रवार

ही वही कॉलेजातून आणलेली आहे. चोरलेली नाही, रद्दीत निघाली होती. प्रत्येक पानावर छापलंय: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. सत्तावीस वर्षं मी तालुक्याच्या कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेत परिचर होते. द्रावणं मी करायची, ब्युरेट मी भरायची, आणि एकदा धीर करून "सर, मी करून बघू का?" म्हटलं तर उत्तर काय, "द्वारकाबाई, आधी बाटल्या धुवून घ्या." एप्रिलात निवृत्त झाले. नारळ दिला, शाल दिली, भाषणात माझं नाव चुकीचं घेतलं.

आता वही माझी, निरीक्षणही माझं.

आज दिवसभर सोयाबीनमधल्या गोगलगायी वेचल्या. निम्मं रान कुरतडून टाकलंय मेल्यांनी. मिठाच्या पाण्यात टाकून मारल्या, बांधावर शंखांचा ढीग झाला. सगळ्या बाया शिव्या देत होत्या, मीही दिल्या. पण ढिगाकडं बघताना डोक्यात आलं, शंख म्हणजे दुसरं काय, चुनखडीच. आणि चुनखडी भाजली की काय होतं हे मला कुठल्या सरांनी सांगायची गरज नाही.

२ ऑगस्ट, शुक्रवार

उद्देश: करंजाच्या तेलाचं डिझेल करणे.

गावाबाहेरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी करंज आहेत. बिया झाडाखाली सडून जायच्या, म्हणून यंदा आम्ही बायांनी गोळा करून घाण्यावर तेल काढलं. तेलात मिथेनॉल घालून तापवलं की डिझेल होतं. पण ते दोघं आपणहून एकमेकांत मिसळत नाहीत, मध्यस्थ लागतो. कॉलेजात कॉस्टिक वापरायचे. ते तेलात विरघळतं, मग धुऊन काढायला पिंपंच्या पिंपं पाणी ओतायचं. आमच्याकडं मार्चपासून टँकर, प्यायला मिळालं तरी खूप. भाजलेल्या शंखाची पूड विरघळत नाही. काम करून तळाशी बसते, गाळून घेतली की पुन्हा वापरता येते.

हे सगळं सरपंच सोमलिंगला तासभर समजावलं. तो शेवटी म्हणाला, "काकू, गोगलगायीवर इंजिन चालतंय व्हय?" आणि बसलेले सगळे हसले. हसा. मी कागद पुढं सरकवला. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मदतीचं सामान ठेवायला बांधलेली पत्र्याची शेड रिकामी पडली आहे. ती आम्हा बायांच्या गटाला हवी. सोलापूरच्या एका व्यापाऱ्यालाही गोदामासाठी तीच हवी आहे. सोमलिंग म्हणाला, जानेवारीत पाणी शुद्ध करायच्या यंत्राचं जनरेटर तुमच्या डिझेलवर चालवून दाखवा, शेड तुमची. मी ते लिहून सही घेतली. तोंडी शब्दावर सत्तावीस वर्षं काढली आहेत.

११ ऑगस्ट, रविवार

शंख भाजायला मुनवरभाईंची चुन्याची भट्टी. ह्यांची, म्हणजे आमच्या मालकांची, शिवप्पांची आणि त्यांची पोरपणापासूनची दोस्ती. मुनवरभाईंनी मूठभर शंख हातात घेऊन वास घेतला आणि नाक धरलं.

"भाबी, भट्टी बाटवताव का आमची?"

"नऊशे अंश पाहिजे, भाई. कमी नको."

"अंश तुमी मोजा. म्या रंग बघतो."

आणि खरंच नुसता रंग बघून भाजले. पूड इतकी जिवंत की पाण्याचा थेंब पडला तर चर्र वाजून वाफ निघाली. दुधाच्या कॅनमध्ये भरली, झाकणाला रबर लावलं. ह्यांना आणि मुनवरभाईंना समोर बसवून तीनदा सांगितलं, हवा लागली की मेली, पाणी लागलं की मेली, कॅनला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. हे म्हणाले, "बरं." दोन्ही हात मांडीखाली घालून बसले होते, शाळेतल्यासारखे.

२० ऑक्टोबर, रविवार

झालं!

पाच लिटर. करंजाच्या तेलात आम्ल फार असतं, ते आधी उतरवावं लागतं, नाहीतर साबण होतो. तो आकडा मी स्वतः काढला. ब्युरेट माझ्या हातात, शेवटचा गुलाबी थेंब माझा. मग शंखाची पूड घालून साठ अंशाला तीन तास ढवळलं. वर सोनेरी डिझेल, खाली काकवीसारखं ग्लिसरीन, मध्ये रेघ मारल्यासारखी हद्द. विहिरीवरच्या जुन्या इंजिनात घातलं आणि इंजिन चाळीस मिनिटं चाललं.

मुनवरभाई इंजिनासमोर टाळ्या वाजवत होते. त्यांच्या बायकोनं, हसीनाबींनी, गुळाचा खडा माझ्या तोंडात घातला. हे लांब उभे होते. मी म्हटलं, "तुम्ही काही बोलणार का नाही?" तर म्हणाले, "चांगलं झालं." एवढंच. मला राग आला. बायको इंजिन चालवते आणि माणसाकडं दोन शब्द.

२८ डिसेंबर, शनिवार

दहा दिवसांत चार भांडणं. मिथेनॉलच्या परवान्यासाठी धाराशिवला दोनदा खेप, तिथला बाबू विचारतो, "साहेब कुठंयत तुमचे?" साहेब मीच आहे म्हटलं. गटातल्या दोघी बिया निवडायला आल्या नाहीत, त्यांना चार शब्द सुनावले. ह्यांनी गुरांची वैरण भिजवून ठेवली, त्यांना आठ सुनावले. मुनवरभाईंनी शंखांची दुसरी खेप भाजून दिली, ती पूड कॅनमध्ये भरून ठेवली आहे.

१२ जानेवारीची तारीख ठरली. डिझेल सगळ्यांसमोर, शेडच्या दारातच करायचं. आधी करून नेलं तर पंपावरचं मिसळलं म्हणतील. मी ह्या लोकांना ओळखून आहे.

३० डिसेंबर, सोमवार

वेळ अमावस्या, आमच्याकडची येळवस. नेहमीप्रमाणे सगळे रानात. भज्जी, अंबील, उंडे, सगळं मी पहाटे उठून केलं. हे काल संध्याकाळीच गाडी जुंपून गेले होते, कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभी करायला आणि तिच्यातले पूजेचे पाच पांडव, म्हणजे पाच दगड, रंगवायला. आज बघते तर पाचही दगड पांढरे शुभ्र, डोळे दिपतील असे. दरवर्षी बाजारच्या चुन्यानं राखाडी दिसतात.

"एवढा चांगला चुना कुठून आणला?"

"हाय की घरातलाच."

असेल कुठं जुना पडलेला. ह्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना फोड आले आहेत. अंबिलीचं भांडं उतरवताना भाजलं म्हणे. अंबील तर मी केली, मीच उतरवली, आणि रानात आणली तेव्हा गार होती. वय झालं की माणूस काहीही बोलतो.

मुनवरभाई आणि हसीनाबी दरवर्षीसारखे जेवायला आले. मुनवरभाई कोपीत वाकून पांडवांकडं बराच वेळ बघत राहिले. चुन्याचा एक पापुद्रा चिमटीत घेऊन चोळला आणि म्हणाले, "अप्पा, ह्यो चुना कुठला?" ह्यांनी लगेच त्यांच्या हातात भज्जीची वाटी दिली आणि त्यांना विहिरीकडं घेऊन गेले. दोघं बराच वेळ तिथंच उभे. जेवणं थंड होतायत आणि ह्यांच्या गप्पा संपत नाहीत. मी बांधावरून हाक मारली तेव्हा आले.

१२ जानेवारी २०२५, रविवार

घरी आल्या आल्या लिहायला बसले.

सगळं गाव होतं. सोमलिंग, सोलापूरचा तो व्यापारी, शाळेचे मास्तर, बाया. तेल मी परवाच तयार केलं होतं, आम्ल उतरवून, पाणी काढून, दोनदा तपासून. मिथेनॉल मोजून घातलं. ह्यांनी घरून कॅन आणून दिली. झाकण गच्च होतं. सकाळी आठला पूड घालून ढवळायला सुरू केलं. अकराला मध्ये हद्द दिसायला हवी होती.

दिसली नाही. बाराला नाही, एकला नाही. दीड वाजता नळ उघडला तर आतून पिठलं आलं. पांढरट, चिकट पिठलं. कुणीतरी मागून म्हणालं, "भाकरी आणा रे." आणि गाव हसलं.

मी कॅनमधली चिमूटभर पूड तळहातावर घेऊन वर पाणी टाकलं. चर्र नाही, वाफ नाही, गरमसुद्धा झाली नाही. मातीसारखी थंड. मग माझं डोकं फिरलं. मुनवरभाई समोरच उभे होते. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "भाई, ही दुसरी खेप तुम्ही कच्ची भाजली. लाकूड वाचवलंत. माझ्या सहा महिन्यांची माती केलीत." आणखी बरंच बोलले. त्यांच्या भट्टीचा चुना कुणी घेऊ नये असंही म्हटलं. म्हटलं ते म्हटलं.

मुनवरभाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते ह्यांच्याकडं बघत होते. ह्यांनी मान खाली घातली, मित्रानं असं केलं म्हटल्यावर लाज वाटणारच. मग मुनवरभाई म्हणाले, "व्हय. माझंच चुकलं असंल." आणि निघून गेले.

म्हणजे कबूल करतो वर! निदान भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. हसीनाबी दरवर्षी तिळगूळ घ्यायला येतात, ह्या वेळी आल्या नाहीत. न येवोत. दोन दिवस झाले, हे धड जेवले नाहीत. मी म्हटलं, "तुमच्या दोस्तासाठी उपास धरलाय का?" हे उठून गोठ्यात गेले.

१७ जानेवारी, शुक्रवार

द्राक्षबागांचे दोन बागायतदार मोरचूद-चुन्याच्या फवारणीसाठी मुनवरभाईंचीच कळी, म्हणजे भाजलेला चुना, नेतात. ह्या वेळी दोघांनीही सोलापूरहून मागवली. बातमी पसरली म्हणे. गटातल्या बाया हे सांगताना माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी काही चुकीचं बोललेली नाही.

सव्वीसच्या ग्रामसभेत शेडचा निकाल आहे. सगळं लेखी पुराव्यासह मांडायचं ठरवलंय. शंख कच्चे होते हे प्रयोगानं सिद्ध करते, म्हणजे तोंडं बंद होतील.

१९ जानेवारी, रविवार

साहित्य: दोन परीक्षानळ्या, पातळ आम्ल, न भाजलेल्या शंखाची पूड, कॅनमधली पूड.

कृती: दोन्हींत सारखी पूड घेऊन वर आम्ल टाकले. कच्चा शंख असेल तर फसफसतो, नीट भाजलेला फसफसत नाही. अकरावीची पोरं करतात हा प्रयोग.

निरीक्षण: पहिली नळी फसफसून काठावरून सांडली. कॅनमधल्या पुडीत दोन-चार बुडबुडे आले आणि संपलं.

पुन्हा केलं. तेच. तिसऱ्यांदा कॅनच्या तळातली पूड घेतली. तेच.

पूड कच्ची नव्हती. मुनवरभाईंनी नीटच भाजली होती. ती नंतर मेली आहे, पाणी लागून. हे मला त्याच दिवशी दोन मिनिटांत कळलं असतं. आम्लाची बाटली शेडमध्ये माझ्या पायाशी होती. पण मला तपासायचं नव्हतंच, मला कुणाला तरी धरायचं होतं.

कॅन पालथी केली. तळाशी पुडीच्या गोळ्यात कुंच्याचे तीन केस अडकले होते.

मी कॅन घेऊन गोठ्यात गेले. हे म्हशीचं दूध काढत होते. कॅन बघितली आणि त्यांचे हात थांबले. मी काही विचारायच्या आधीच बोलायला लागले.

"बाजारचा चुना आणायचा इसरलो. येळवस तोंडावर. म्हणलं, वाटीभर घ्यावं. कॅनच गाडीत टाकून रानात नेली. वला कुंचा तसाच आत गेला, लई तापलं, हात पोळला. मग झाकण लावायचं ऱ्हायलं. रातभर दहिवरात उघडी पडली."

"आणि मुनवरभाईंना माहीत होतं?"

"पांडव बघितल्या बघितल्या वळखलं त्यानं. म्हणला, आज सांग भाबीला. म्या म्हणलं, सांगतो. त्याला वाटलं, म्या सांगितलंय."

"मग का नाही सांगितलं? तेरा दिवस होते! दुसरे शंख भाजले असते! मी काय मारते का तुम्हाला?"

"मारलं असतं तर बरं." हे म्हशीकडं बघत म्हणाले. "मारलं की संपतंय. तू बोलतीस. मग चार-चार दिस बोलत ऱ्हातीस. रोज सकाळी म्हणायचो, आज सांगू. तुजं तोंड बघितलं की छातीच व्हईना."

मी ओरडायला तोंड उघडलं. तसंच मिटलं. सत्तावीस वर्षं सरांपुढं माझं तोंड उघडलं नाही म्हणून मी जळत राहिले, आणि माझ्याच घरात माझ्याच माणसाची माझ्यापुढं तीच गत. संताप होतोय. कुणाचा, ते मला नीट कळत नाही. ह्यांचा तर होतोच आहे.

अनुमानाची ओळ कोरी ठेवली आहे.

२० जानेवारी, सोमवार

भट्टीवर गेले. मुनवरभाई कोळसा चाळत होते. मी म्हटलं, माझं चुकलं, मला सगळं कळलं, माफ करा. त्यांनी चाळणी खाली ठेवली नाही.

"भाबी, मला इथं नका सांगू. जिथं बोललाव तिथं बोला."

"तुम्ही त्याच दिवशी का नाही बोललात, भाई? एवढ्या लोकांत माझं ऐकून घेतलंत."

"अप्पाचं तोंड बघितलं. पन्नास साल झाले दोस्तीला, असं तोंड म्या कधी बघितलं न्हाय त्याचं." मग चाळणी हलवत म्हणाले, "म्या त्याच्यासाठी गप बसलो, तुमच्यासाठी न्हाय."

हसीनाबी दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं वळले तर त्यांनी दार लावून घेतलं. मलाही कुणी असं बोललं असतं तर मी आधी त्याच्यावर खराटा उगारला असता.

२२ जानेवारी, बुधवार

सोमलिंग घरी आला. चहा प्याला आणि म्हणाला, "काकू, सभेत मी तुमच्या बाजूनं हाय. भट्टीवाल्यानं फसवलं असं लिहून द्या. दोन महिने मुदत देऊ, दुसऱ्या भट्टीवर भाजून घ्या. बायकांचा गट हाय, वरनं बी विचारतेत आमाला. त्या व्यापाऱ्याला म्या सांभाळतो."

"आणि चूक आमच्याच घरातली निघाली तर?"

"मग अवघड हाय. घरात एक कॅन सांभाळता येत न्हाय, तर शेडीत पिंपभर मिथेनॉल कोण ठेवू दील?"

तो बरोबर बोलला, म्हणून जास्तच चीड आली. म्हणजे मला नुसतं गप्प बसायचं आहे. गप्प बसलं की शेड, इंजिन, ब्युरेट, सगळं माझं. मुनवरभाईंनी तर आधीच कबूल केलेलं आहे.

हे ओसरीवर बसून सगळं ऐकत होते. सोमलिंग गेल्यावर मी विचारलं, "काय करू?" लग्नाला एकतीस वर्षं झाली, मी ह्यांना असं कधी विचारलं नव्हतं बहुतेक. ह्यांनाही ते नवीनच वाटलं असावं. मग म्हणाले, "म्या सभेत येतो. म्या सांगतो." मी म्हटलं, तुम्ही चुना घेतलात ते तुम्ही सांगा, मी जे बोलले ते मलाच सांगावं लागेल. रात्रभर शेड डोळ्यांपुढून हलली नाही. बायांना मी काय सांगू?

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर सभा. वही घेऊन उभी राहिले. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, सगळं वाचलं. मग अनुमान वाचलं, ते सकाळी लिहिलं होतं: "मुनवर यांनी शंख उत्तम भाजले होते. पूड आमच्या घरी मेली. मी न तपासता सर्वांसमोर त्यांच्यावर आळ घेतला. तो खोटा होता."

मागून कुणीतरी विचारलं, "मेली कशानं पण?" हे उठले. टोपी काढली, पुन्हा घातली. "म्या त्याचा चुना पांडवांला लावला," म्हणाले. लोक हसले. बारा तारखेपेक्षा जास्त हसले. ह्यांचे कान लाल झाले, पण खाली बसले नाहीत. बागायतदारांपैकी एक सभेत होता, ह्यांनी त्याचं नाव घेऊन सांगितलं, "कळी मुनवरचीच घ्यावा."

सोमलिंगनं माझ्याकडं असं बघितलं जणू मी त्याच्या ताटात माती टाकली. शेड व्यापाऱ्याला गेली. हात वर करून मतं घेतली. आमच्या गटातल्या दोघींनीही त्याच्या बाजूनं हात वर केले, त्याच दोघी, ज्यांना मी डिसेंबरात चार शब्द सुनावले होते. मुनवरभाई सभेला आलेच नव्हते. ज्यांच्यासाठी बोलले ते ऐकायलाही नव्हते.

घरी येऊन खूप रडले. रागानंच. शेड माझी होती. ती माझ्या हक्काची होती.

२७ जानेवारी, सोमवार

मुनवरभाईंचा निरोप आला, ह्यांच्याकडून. "उरलेले शंख धाडा. भाजून देतो. पण कॅन भट्टीवरच ऱ्हाईल, लागंल तेवढी पूड भाबीनं येऊन मोजून न्यावी."

माझी पूड आणि मीच मोजून न्यायची? तोंडापर्यंत आलं होतं. पण सात पोती गाडीत भरायला हात लावला. काम विहिरीवरच्या छपरात करावं लागणार, पाच-पाच लिटर. बाकीच्या तिघी यायला तयार आहेत.

२८ जानेवारी, मंगळवार

संध्याकाळी जेवायला बसलो. ह्यांनी दुसरा घास घेतला, ताट जरा पुढं सारलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "आमटीत मीठ लई झालंय."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा. जिभेवर आलंच होतं, मग उद्यापासून तुम्हीच करून घ्या. ह्यांचा हात ताटाच्या काठावर तसाच थांबला होता.

मी वाटी उचलून एक घोट घेतला. खारट होती. ह्यांना तसं सांगितलं.